खालच्या घराचा शिक्का

कामिओबारा, १९ मार्च २०२४

मोरेश्वरकाका,

नमस्कार. पद्मिनीकाकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तुम्ही दोघं वैभवीकडे एदोगावाला गेलात, तेव्हापासून घर बंद आहे. म्हणून हे लिहून कळवतो.

तुमच्या मागच्या अंगणातली रॉकेलची टाकी गळते आहे. मागचा डावा पाय गंजून मोडला, टाकी कलली आणि खालच्या नळाचा जोड सुटला. घरातले पाइप गोठू नयेत म्हणून हीटर चालू ठेवायचा, असं तुम्ही म्हणाला होतात, त्यामुळे डिसेंबरात आमच्या कंपनीच्या गाडीने मीच ती काठोकाठ भरली होती. ४९० लिटर. आता काटा साठच्या खाली आहे. आज सकाळी ७.४० वाजता मी नळ बंद केला, जोडाखाली बादली ठेवली आणि ८.३० ला गावाचं ऑफिस उघडताच तिथे कळवलं.

बर्फ वितळतो आहे. त्या पाण्याबरोबर रॉकेल उताराने माझ्या वाफ्यात आलं आहे. वाफ्याखालच्या पाटातही तवंग दिसतो. ऑफिसच्या लोकांनी पाटात तेल शोषणाऱ्या चटया टाकल्या आहेत.

ऑफिसातले होसोया-सान म्हणाले की अशा वेळी गाव घरमालकाला मदत करतं. जुनी टाकी काढणं, खराब माती उचलून नेणं, नवी टाकी बसवणं, सगळं त्यात येतं. अर्ज मालकाने करायचा असतो.

टाकीच्या त्या पायाबद्दल मी ऑक्टोबरात फोनवर सांगितलं होतं. तुम्ही हसून म्हणालात की मी बापासारखाच घाबरट आहे.

शशांक


एदोगावा, २७ मार्च २०२४

चि. शशांक,

खूप आशीर्वाद. अरे, फोन का उचलत नाहीस? अख्ख्या गावात मराठी घरं दोन, त्यात तू माझ्या मावसभावाचा मुलगा, आणि आपण एकमेकांना पत्रं लिहायची? असो. तुझ्याच पद्धतीने लिहितो.

रविवारी येऊन गेलो. होसोया-सानना भेटून अर्ज दिला. मग शेजारच्या तिन्ही घरी गेलो. वरचे ओगुची, समोरच्या आजी, पलीकडचे ते तरुण नवरा-बायको. प्रत्येकाला इथून नेलेला मिठाईचा खोका दिला, दारात कमरेत वाकून माफी मागितली. बावीस वर्षं त्या गावात काढली आहेत, रीत मला कळते. आजी बिचाऱ्या उलट मलाच धीर देत होत्या. तुझ्याकडेही येणार होतो, पण बस चुकली असती. आणि तू काय, घरचाच.

सोबत एक फॉर्म आहे. रॉकेल ज्याच्या जमिनीत शिरलं असेल त्याची संमती लागते, तरच गाव मदत देतं. म्हणजे फक्त तुझी. सहीच्या जागी तुझा लाल शिक्का मारून पाठवून दे. मुदत सप्टेंबरअखेर आहे, पण उगाच लांबवायचं कशाला? या मदतीशिवाय ती माती उपसणं माझ्या आवाक्याबाहेर आहे, आणि माती साफ झाल्याशिवाय नवी टाकी बसू देणार नाहीत. हीटरशिवाय त्या घरात हिवाळा कसा निघेल ते तुला वेगळं सांगायला नको. काकू आताच म्हणते, मला घरी ने. लेकीच्या घरचा हा दहावा मजला तिला सोसत नाही.

तू वेळेवर कळवलंस, हे मी सगळ्यांना सांगतो आहे. आमचा मुलगा खालीच राहतो म्हणून निभावलं, असं.

तुझा,
मोरेश्वरकाका


कामिओबारा, ६ एप्रिल २०२४

मोरेश्वरकाका,

फॉर्म मिळाला. त्यावर शिक्का मारलेला नाही.

फोन उचलत नाही, कारण फोनवर बोललेलं तुम्हाला नंतर आठवत नाही. लिहिलेलं राहतं. माझी मराठी शाळा सातवीपर्यंतची आहे, त्यामुळे शब्दकोश जवळ ठेवून लिहितो. चुका असल्या तर सांगा.

२४ तारखेच्या रविवारी मी घरीच होतो. तुम्ही येणार हे होसोया-सानकडून कळलं होतं, म्हणून कामावरून सुट्टी घेतली. दारातला बर्फ काढला. दूध आणलं. वरच्या खिडकीतून तुम्ही ओगुचींच्या दारात दिसलात, मग आजींच्या, मग त्या नवरा-बायकोच्या. पिशवीत तीन खोके होते. बस ४.२० ची होती. ३.५० ला तुम्ही थांब्यावर उभे होतात. थांबा माझ्या दारापासून चार मिनिटांवर आहे. सामान असलं तर पाच.

ओगुचींच्या जमिनीत एक थेंबही गेलेला नाही. ते तुमच्या वर राहतात, आणि रॉकेल चढ चढत नाही. माझी माती मी तीन वर्षं केली होती. मेथी, कोथिंबीर, ओली मिरची. ग्योतोकुचं एक भारतीय किराणा दुकान दर आठवड्याला माल घ्यायचं. आता ओंजळभर माती नाकाशी धरली तर डोळ्यांत पाणी येतं.

ज्यांचं काही बिघडलं नाही, त्यांच्यापुढे तुम्ही वाकलात. ज्याचं बिघडलं त्याला फॉर्म पाठवलात.

शशांक


एदोगावा, २२ एप्रिल २०२४

शशांक,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकूलाही वाचून दाखवलं.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आपल्यात कोण कोणाची माफी मागतं? तुझ्या बापाने माझ्या हॉटेलात नऊ वर्षं तंदूर सांभाळला. त्याने मला कधी थँक्यू म्हटलं नाही, मी त्याला कधी सॉरी म्हटलं नाही, आणि आमचं काही अडलं नाही. जपानी माणसाला खोका द्यावा लागतो, कारण तो परका असतो. तुझ्या दारात खोका घेऊन उभा राहिलो असतो तर तुला परका केल्यासारखं झालं असतं. मी तर उलट तुझा मान राखला. आणि तू खिडकीत बसून खोके मोजत होतास! ही शेजाऱ्यावर पाळत ठेवायची सवय तू त्या गावात शिकलास की कुडाळहून घेऊन आलास?

पण हवाच असेल तर घे. आज कुरियरने खोका पाठवला आहे. त्या तिघांना दिला त्याहून मोठा. भाजीचं जे काय नुकसान झालं तेही सांग, भरून देतो. एवढ्याशा कोथिंबिरीसाठी दोन म्हाताऱ्यांना घराबाहेर ठेवू नकोस.

तुला या देशात कोणी आणलं, तेही जरा आठव.

मोरेश्वरकाका


कामिओबारा, ३ मे २०२४

मोरेश्वरकाका,

खोका परत पाठवला आहे. उघडलेला नाही. कुरियरची पावती सोबत जोडली आहे. कुरियरवाला दारात दोनदा वाकला, खोका देताना एकदा आणि परत नेताना एकदा. तुमच्या बाजूने तेवढंच झालं.

नुकसानभरपाई नको.

मला कोणी आणलं ते आठवतं. बाकीचंही आठवतं, ते लिहून ठेवतो, म्हणजे दोघांनाही सोयीचं होईल. नोव्हेंबर २०१३. स्कीचा मोसम सुरू व्हायला तीन आठवडे होते. बाबांचा उजवा हात तळणीच्या तेलाने कोपरापर्यंत भाजला. मी इथल्या हायस्कूलमध्ये दुसऱ्या वर्षाला होतो. तुम्ही शाळेत आलात. येताना खोका आणला होतात, निळ्या कागदातला. आमच्या वर्गशिक्षकांपुढे वाकून म्हणालात की घरच्या अडचणीमुळे मुलाला काढावं लागतं आहे, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल क्षमा करा. शिक्षकही वाकले. मी तुमच्या शेजारी दप्तर घेऊन उभा होतो. तुम्ही दोघं एकमेकांची क्षमा मागत होता. माझ्याशी कोणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, एप्रिलमध्ये परत नाव घालू. एप्रिल आला तेव्हा म्हणालात, पुढच्या एप्रिलमध्ये. तिसऱ्या एप्रिलला मी विचारलं नाही.

तेव्हा मी घरचाच होतो. म्हणूनच माझ्याशी बोलायची गरज पडली नसेल.

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहितो, म्हणजे गैरसमज नको. तुम्ही माझ्या दारात यायचं. त्या तिघांपुढे वाकलात तसं वाकायचं. आणि शाळेबद्दल जे म्हणायचं ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणायचं. मग शिक्का.

होसोया-सान दोनदा येऊन गेले. मी त्यांना चहा दिला आणि म्हणालो, विचार करतो आहे. इथे विचार करतो म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा होतो, ते त्यांना बरोबर कळतं.

शशांक


एदोगावा, ८ जुलै २०२४

शशांक,

दोन महिने उत्तर दिलं नाही, कारण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. राग अजून गेलेला नाही, पण मुदत जवळ येते आहे.

ऑफिसात तीनदा बोललो. तुझ्या संमतीशिवाय दुसरी वाट काढता येईल का, विचारलं. होसोया-सानचं एकच, खालच्या घराचा शिक्का आणा. पाटात अजून चटया घालाव्या लागतात आणि आजी मला पत्र लिहून विचारतात की काम कधी सुरू होणार. मी काय सांगू? माझ्याच माणसाने अडवलं आहे म्हणून?

शाळेचं काढलंस म्हणून मलाही बोलावं लागतं. शाळेत तुझं लक्ष नव्हतं. नापास होऊन घरी बसला असतास, त्यापेक्षा हातात काम मिळालं. आमच्या ताटात जेवलास, काकूने स्वतःच्या मुलासारखं केलं. त्याचा हिशेब तू कुठे लिहिला आहेस का?

वयाने मी तुझ्या बापापेक्षा मोठा आहे. शहात्तर. तुझ्यापुढे वाकणार नाही. हट्ट सोड.

मोरेश्वर


कामिओबारा, १५ जुलै २०२४

मोरेश्वरकाका,

दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राची माझी गुणपत्रिका सोबत आहे. झेरॉक्स आहे, मूळ माझ्याकडे. गणित ८४, रसायन ७९. जपानी ५१, ते कमी आहेत. त्याखाली माझ्या परवान्याची प्रत आहे. तिसऱ्या प्रयत्नात पास झालो. ज्वलनशील तेल हाताळायचा परवाना आहे. तो माझ्याकडे आहे म्हणूनच इतकी वर्षं तुमची टाकी भरली जात होती.

काकूंचं मी काही विसरलेलो नाही. त्यांच्याबद्दल मी काही मागितलेलंही नाही.

३० सप्टेंबरला सोमवार आहे. ऑफिस ५.१५ ला बंद होतं. इथे पहिला बर्फ गेल्या वर्षी १८ नोव्हेंबरला पडला होता. मला घाई नाही.

शशांक


कामिओबारा, १७ सप्टेंबर २०२४

मोरेश्वरकाका,

फॉर्म सोबत आहे. शिक्का मारला आहे. थोडा तिरका पडला, पण वर्तुळ कुठे तुटलेलं नाही, ऑफिसला चालेल. होसोया-सानना दाखवून खात्री केली.

परवा तुम्ही आलात ते मी जसं पाहिलं तसं लिहितो. काकू मागे खोका घेऊन उभ्या होत्या. तुम्ही दारातल्या सिमेंटवर, बूट काढायच्या जागी, गुडघे टेकलेत. तिथे टेका असं मी म्हटलं नव्हतं. तुम्ही आधी जपानीत सुरुवात केलीत. तेच वाक्य, त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी. ते तुमच्या तोंडून सहज आलं. मी शिक्क्याकडे वळलो नाही. मग तुम्ही बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिलात, आणि मान वर करून म्हणालात, "शशांक, तुझी शाळा मी बंद केली. मला स्वयंपाकघरात माणूस हवा होता. तुझं लक्ष नव्हतं हे खोटं आहे."

दहा वर्षं मी ठरवत होतो की असं झालं तर काय बोलायचं. चार वाक्यं तयार होती. त्यातलं एकही आठवलं नाही. ठीक आहे म्हणालो आणि शिक्का शोधायला आत गेलो. शिक्का टेबलावर समोरच होता. तरी मी आत थांबलो, कारण बाहेर काकू तुम्हाला उठवत होत्या आणि ते मला बघायचं नव्हतं.

तुमच्याकडून जे यायचं होतं ते आलं. आता माझ्याकडचं लिहितो.

रॉकेलचा वास मला १९ मार्चला नाही, ८ मार्चला आला. शुक्रवार होता. कामावर जाताना मी तुमच्या मागच्या अंगणात जाऊन पाहिलं. टाकी कललेली होती आणि जोडातून धार नव्हती, थेंब होते. तेव्हा काटा साडेतीनशेवर होता. नळ फिरवला असता तर तिथेच थांबलं असतं. गाडीत शोषक चटयांची दोन पाकिटं होती. मी नळाला हात लावला नाही.

ऑफिसचे नियम मला पाठ आहेत, परीक्षेसाठी वाचले होते. रॉकेल मालकाच्याच जमिनीत राहिलं तर कोणाची संमती लागत नाही. शेजारच्या जमिनीत गेलं तर लागते. उतारावर तुमच्या खाली माझंच घर आहे. मी अकरा दिवस वाट पाहिली. रोज संध्याकाळी वाफ्यात जाऊन माती उकरून वास घेत होतो. अठरा तारखेला माझ्याकडे आलं. एकोणीस तारखेला मी तुम्हाला पत्र लिहिलं.

माझी तीन वर्षांची माती मी स्वतः जाऊ दिली. तुम्हाला वाकवायला मध्ये माझी जमीन लागणार होती.

मला पश्चात्ताप झाला असं समजू नका. झोप लागत नाही, पण ती आधीही नीट लागत नव्हती. हे पत्र तुम्ही ऑफिसला दाखवलंत तर माझा परवाना जाईल, कामही जाईल. मी लिहिलं नाही असं कोणाला म्हणता येऊ नये, म्हणून खाली माझा शिक्का मारला आहे. हा सरळ पडला.

शशांक


एदोगावा, २७ सप्टेंबर २०२४

शशांक,

पाकीट मी उघडलं. तुझे काका वैभवीच्या मुलीला शाळेतून आणायला गेले होते. फॉर्म त्यांच्या टेबलावर ठेवला. पत्र माझ्याकडे आहे. त्यांनी ते पाहिलेलं नाही, आणि फॉर्मबरोबर तू काही लिहिलं नाहीस असंच त्यांना वाटतं.

फॉर्म ऑफिसात पोचला. सात ऑक्टोबरला माती उपसायला सुरुवात होईल. महिनाअखेरीस नवी टाकी बसेल आणि आम्ही घरी येऊ.

त्या दिवशी परत येताना गाडीत ते खिडकीशी बसून रडले. बावीस वर्षं हॉटेल चालवलं, ते बंद पडलं तेव्हाही रडले नव्हते. मग म्हणाले, बरं झालं पोराने हट्ट केला, नाहीतर हे माझ्याबरोबर राहिलं असतं. आता ते सगळ्यांना सांगत सुटले आहेत. वैभवीला, शेजारच्या बाईंना, पुण्याला फोन करून भावाला. शशांकची जमीन गेली, तरी त्यानेच धावत जाऊन नळ बंद केला, त्यानेच ऑफिसला कळवलं, आणि मनात एवढं असूनही शेवटी शिक्का दिला. मी समोर भाजी निवडत ऐकते.

शाळेचं तू म्हणतोस ते खरं आहे. त्यात मीही होते. दप्तर खाली ठेव आणि कांदे घे, हे तुला मीच म्हटलं होतं. त्याबद्दल तू माझ्याकडून काही मागितलं नाहीस, ती तुझी चूक झाली. मी न वाकता दिलं असतं. पण त्यांचे गुडघे तुझ्या सिमेंटवर टेकले तेव्हा मी मागे उभी होते, आणि तुला माहीत होतं की गळती तू थांबवू शकला असतास. तू ते माहीत असताना बघत होतास.

ऑफिसला मी सांगणार नाही. ही दया आहे असं समजू नकोस. ऑफिसने परवाना काढून घेतला की तुझं सगळं फिटलं, तू मोकळा. मला तुला मोकळं करायचं नाही. हिवाळाभर आमची टाकी दर पंधरा दिवसांनी भरावी लागेल आणि त्या रस्त्याला गाडी तुझीच असते. तू मागच्या अंगणात आलास की ते तुला हाक मारतील. आत बसवतील. चहा देतील. तुझं कौतुक करतील, माझ्यासमोर, दर पंधरा दिवसांनी. तू मान खाली घालून बसशील आणि ते समजतील पोरगं लाजतं आहे. मी समोर बसलेली असेन. चहात साखर किती, ते मला माहीत आहे.

हे थांबवायचं असेल तर त्यांना तुझ्या तोंडाने सांग. माझ्याकडून त्यांना ते कधीच कळणार नाही.

पद्मिनीकाकू


कामिओबारा, २९ ऑक्टोबर २०२४

पद्मिनीकाकू,

नवी टाकी मी आज पाहून आलो. चारही पाय काँक्रीटला बोल्टने घट्ट बसवले आहेत आणि खाली ट्रे आहे. जोड दोनदा तपासला.

पहिली भरणी मंगळवारी, ५ नोव्हेंबरला, सकाळी ९ ते १० मध्ये आहे. ती फेरी तू घे असं मी दुसऱ्या ड्रायव्हरला सांगितलं होतं, आणि तो हो म्हणाला होता. काल मी ती परत माझ्या नावावर करून घेतली.

मी आधी चहा घेणार नाही. काकांना सांगून झाल्यावर त्यांनी दिला तर घेईन. माफी मागेन की नाही ते अजून ठरलेलं नाही. आठ मार्चपासून एकोणीस मार्चपर्यंत काय केलं, ते सगळं सांगेन, आणि कागद बरोबर आणणार नाही.

त्या दिवशी त्यांना घरीच राहायला सांगा.

शशांक